बूट काढायला कोण सांगतं?

गेल्या जानेवारीत आमच्या टीमला कंपनीनं शिडाच्या बोटीवर नेलं. रिलीज वेळेत गेलं होतं, बजेट उरलं होतं आणि एचआरमधल्या कुणाला तरी वाटलं होतं, की या वेळी रिसॉर्ट नको, काहीतरी वेगळं करू. मी बदलापूरची. शनिवारी पहाटेची लोकल पकडून ६८ किलोमीटर रेल्वेनं आणि पुढे टॅक्सीनं गेटवेला पोचले तेव्हा माझ्या पायात नवेकोरे 'डेक शूज' होते. उल्हासनगरला कॅम्प तीनमधून घेतलेले, साडेचारशे रुपयांचे. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आमच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आलाय. बुटांवर एका परदेशी ब्रँडचं नाव होतं, त्यातलं एक अक्षर चुकलेलं.

बोटीवर पाय ठेवायच्या आधी एका काकांनी निळा प्लास्टिकचा क्रेट पुढे केला.

"बूट हितं टाका."

सगळ्यांनी टाकले. बारा जोड. कुणाचे अठरा हजारांचे रनिंग शूज, कुणाच्या सेलमधल्या सँडल्स. टीममधल्या सगळ्यांच्या पगाराच्या स्लिपा एकत्र उघड्या पडल्यासारखा तो क्रेट दिसत होता. मी म्हटलं, "काका, पण हे बोटीचेच बूट आहेत." त्यांनी माझा एक बूट हातात घेतला, उलटा केला आणि त्याचा तळ क्रेटच्या कडेवर घासला. काळी रेघ उमटली. "ह्यो डेकभर रेघोट्या मारील," ते म्हणाले, आणि माझे डेक शूज क्रेटमध्ये गेले.

काका कुलाब्याच्या कोळीवाड्यातले, बोटीचे तांडेल. त्यांच्या स्वतःच्या पायात काही नव्हतं. पायांची बोटं हाताच्या बोटांसारखी एकमेकांपासून सुटी आणि रुंद. दोन तासांनी वारा वाढला. बोट वळवायची म्हणून आम्हाला एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला सांगितलं. मी घाईत गेले आणि डेकवरच्या एका क्लीटवर माझं उजव्या पायाचं सर्वांत धाकटं बोट आपटलं. क्लीट म्हणजे दोर गुंडाळून अडकवायची धातूची खुंटी, दोन शिंगांची. आवाज मलाही ऐकू आला.

बोट मोडलं होतं. (बोट मोडलं, बोटीवरच. हा विनोद ऑफिसमध्ये महिनाभर चालला.) पण मला लक्षात राहिलं ते काकांचं वाक्य. सुकाणू दुसऱ्याच्या हातात देऊन ते माझ्याशेजारी येऊन बसले, बर्फाची पिशवी धरली आणि म्हणाले, "पोरी, चुकी माझी. बूट मी काढायला लावले. मग खुंट्या पन मीच दाखवायला पायजे होत्या."

घरी बसून पाय उशीवर ठेवायचे दिवस आले, तेव्हा मी या वाक्यावर विचार करत होते. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न होता: बोटीवर बूट घालावेत की अनवाणी राहावं? वाचायला लागल्यावर कळलं, की शिडाच्या बोटी चालवणारे लोक याच्यावर वर्षानुवर्षं भांडतायत.

अनवाणी पक्षाचं म्हणणं असं. पायाला कळतं. डेक कुठं ओलं आहे, बोट किती कलली आहे, पायाखालून दोर सरकायला लागलाय का, हे डोळ्यांच्या आधी तळव्याला कळतं. शिडाचा दोर ताणला जात असताना त्याच्या वेढ्यात पाय असणं धोक्याचं असतं. जाड तळाच्या बुटाला तो वेढा कळणार नाही, उघड्या पायाला कळेल. शिवाय बूट डेक खराब करतात. काळ्या रबराच्या रेघा उमटतात, आणि तळाच्या खाचांत अडकलेला किनाऱ्यावरचा खडा पॉलिशवर ओरखडे काढतो.

बूट पक्षाचं म्हणणं असं. डेक म्हणजे दिवाणखाना नाही. तिथं क्लीट आहेत, कड्या आहेत, दोर ओढायच्या चरख्या आहेत, आणि त्या सगळ्या बरोबर पायाच्या बोटांच्या उंचीवर आहेत. दुपारी डेक तव्यासारखं तापतं. ओल्या गुळगुळीत भागावर अनवाणी पायसुद्धा घसरतो. अमेरिकेतल्या पॉल स्पेरीनं १९३५ साली बोटीसाठी खास बूट काढला, त्याची गोष्ट अशी सांगतात: तो स्वतः डेकवरून घसरला होता, आणि मग त्यानं आपल्या कुत्र्याला बर्फावरून न घसरता पळताना पाहिलं. कुत्र्याच्या तळव्यावरच्या बारीक चिरा बघून त्यानं रबराच्या तळाला तशाच नागमोडी चिरा पाडल्या. माझे चुकीच्या स्पेलिंगचे बूट त्याचेच दूरचे वंशज. म्हणजे बोटीचा चांगला बूट कुणी केला, तर अनवाणी पायाकडे बघूनच केला.

आणि खोल समुद्रात हा वाद आपोआप मिटतो. गोव्याच्या दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्या वाटेवर दक्षिणेचा बर्फाळ वाऱ्यांचा समुद्र लागतो. तिथं 'पायाला कळतं' हा युक्तिवाद कुणी करत नाही, कारण गारठलेल्या पायाला काहीच कळत नाही.

म्हणजे उत्तर 'परिस्थितीवर अवलंबून आहे' असं. हे उत्तर बरोबर आहे आणि निरुपयोगीही. आमच्या कामात सीनियर लोक प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर देतात. म्हणून मी काकांच्या वाक्याकडे परत आले. त्यात बूट की अनवाणी हा प्रश्नच नव्हता. त्यात होतं: सांगितलं कुणी? आणि सांगणाऱ्यावर काय जबाबदारी येते?

मी ते वाक्य माझ्यापुरतं नियमात बसवलं: जो बूट काढायला सांगतो, जमिनीची जबाबदारी त्याची. मग हा नियम टिकतो का, ते जमिनीवर तपासून बघायला लागले.

बदलापूरकरांना बोट म्हटलं की सहल आठवत नाही, पूर आठवतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हा आमच्या भागात रबरी बोटी आल्या होत्या. त्याच्या आधीचा पूर २६ जुलै २००५ चा. मी तेव्हा शाळेत होते. बाबा अंबरनाथहून दुसऱ्या दिवशी चालत घरी आले. त्यांनी बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवले होते. बूट कोरडे होते आणि पायाला पत्रा लागून मोठी चीर पडली होती. आई ओरडली, "पाय महत्त्वाचा की बूट?" बाबा म्हणाले, "पाय भरून येईल."

लहानपणी मला हा विनोद वाटला होता. बूट पायाचं रक्षण करतात असं पुस्तकात असतं. आमच्या घरात बुटांचं रक्षण पाय करत होते.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेले होते. गेटवर पाटी होती: सुरक्षा बुटांशिवाय आत प्रवेश नाही. बूट कायम कामगारांना मिळायचे. ठेकेदाराची माणसं स्लिपरवर काम करायची. तपासणी असेल त्या दिवशी स्टोअरमधून बूट निघायचे, दिवसभरासाठी वाटले जायचे आणि संध्याकाळी मोजून परत घेतले जायचे. बाबांच्या डाव्या पायावर, घोट्याच्या खाली, कॉस्टिक सांडून झालेला एक चकचकीत गुलाबी डाग आहे. तो दिवस तपासणीचा नव्हता.

इथं काकांचा नियम उलटा करून वाचला तरी लागू पडतो. जो बूट घालायला सांगतो, त्यानं बूट द्यायला पाहिजेत. नाहीतर पाटी ही सूचना नसते. उद्या काही झालं तर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायची ती सोय असते. माझ्या कामात हे रोज दिसतं. ॲप म्हणतं, लोकेशन द्या, कॉन्टॅक्ट द्या, 'अलाऊ' दाबा. दाबलं नाही तर पुढे जाता येत नाही. मग डेटा फुटला की अटींच्या चाळिसाव्या पानाकडे बोट दाखवायचं. मी स्वतः असा स्क्रीन बनवलाय. क्रेट पुढे करणं सोपं असतं. खुंट्या दाखवणं फीचर लिस्टमध्ये नसतं.

नियम आणखी मागे नेऊन बघितला. माझे आजोबा ज्या गावचे, तिथं आमच्या वस्तीतल्या माणसांनी वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या असा रिवाज होता. लिहिलेला नव्हता. उन्हाळ्यात फुफाटा तापलेला असला तरी काढायच्या. अशी पद्धत एका गावाची नव्हती, ती महाराष्ट्रात आणि बाहेरही अनेक गावांत होती. आजोबा वारले तेव्हा त्यांच्या खाटेखाली तीन जोड निघाले, त्यातला एक न वापरलेला. बाबा सांगतात, आजोबा शहरात आल्यावर घरातसुद्धा चपला घालून बसायचे आणि आजी काही बोलायची नाही.

गोऱ्या साहेबांनाही हा खेळ चांगला कळत होता. १८६२ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, सुरतेच्या सत्र न्यायालयात, माणेकजी कावसजी एंटी नावाचे पारशी गृहस्थ असेसर म्हणून हजर राहिले आणि त्यांनी पायातले जोडे काढायला नकार दिला. न्यायाधीशाला ते चाललं नाही. साहेबाचं म्हणणं असं, की तुमच्याकडे आदर दाखवायची हीच रीत आहे, आम्ही ती फक्त पाळायला सांगतोय. आता ब्रह्मदेशात जाऊ. तिथं पॅगोड्यात जाताना सगळे अनवाणी जातात. तिथली रीत तीच. पण साहेब लोक बूट घालून जायचे. यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या तरुणांनी मोठं आंदोलन केलं, आणि १९१९ मध्ये सरकारला मान्य करावं लागलं, की पॅगोड्यात बूट चालतील की नाही हे तिथले प्रमुख भिक्खू ठरवतील.

एकच सरकार एका ठिकाणी 'रीत आहे, काढा' म्हणतं आणि दुसऱ्या ठिकाणी 'तुमची रीत आम्हाला लागू नाही' म्हणतं. म्हणजे प्रश्न पायाचा नव्हताच. कुणी कुणाला काढायला लावायचं, याचा होता. आजोबांच्या गावच्या आळीनं काढायला लावलं, पण तापलेल्या फुफाट्याची जबाबदारी घेतली नाही. काकांनी काढायला लावलं आणि माझ्या पायावर बर्फ धरला. दोन्हीकडे पाय अनवाणीच होते.

इथं एक धोका आहे, तो सांगते. आमच्या पिढीला अनवाणीपणाचं एक छान छान रूप विकलं जातं. गवतावर चालायचं, 'ग्राउंडिंग' करायचं, अनवाणी पळायचे पाच बोटांचे बूट घ्यायचे. ते करायला माझी हरकत नाही. पण मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालून शेतकरी मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या तळव्यांचे फोटो सगळ्यांच्या फोनवर होते. सोललेली कातडी, तुटलेल्या चपला, काहींच्या पायात काहीच नाही. दहावीच्या मुलांना परीक्षेला त्रास नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्री चालले. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, खायला दिलं आणि चपला दिल्या. 'मातीशी नातं' वगैरे कुणी बोललं नाही. त्या पायांकडे बघून लोकांना जे सुचलं ते बरोबर होतं: यांना चपला पाहिजेत.

इथपर्यंत माझा नियम छान चालला. मग तो घरात अडला.

बाबांना बारा वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी त्यांच्या पायात गुलाबाच्या कुंडीतला काटा दोन दिवस होता आणि त्यांना कळलं नाही. आईला फरशीवर रक्त दिसलं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक धागा काढला. ठरावीक दाबाला वाकतो तो, दहा ग्रॅमच्या. तळव्यावर एकेका जागी टेकवायचा आणि विचारायचं, लागलं का?

"लागलं," बाबा म्हणाले.

धागा अजून टेकला नव्हता.

डॉक्टर थांबले. मग टेकवला. बाबा काही बोलले नाहीत. अंगठ्याखाली, बोटांखाली, टाचेवर, सगळीकडे तेच. मी बाजूला उभी होते. मला वाटतं, बाबा माझ्या श्वासावरून अंदाज घेत होते.

घरी आणलेल्या कागदावर लिहिलं होतं: घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचं. रोज रात्री आरसा धरून तळवे बघायचे. म्हणजे ज्या माणसानं कारखान्यात स्लिपरवर वीस वर्षं काढली आणि पुरात बूट गळ्यात अडकवले, त्याला आता झोपताना सोडून कायम पायात काहीतरी घालायला सांगितलं होतं.

माझं बोट मोडलं ते याच्यानंतर. त्यामुळे फेब्रुवारीत आमच्या घरात दोन माणसं सोफ्यावर पाय वर करून बसलेली होती आणि दोघांनाही अनवाणी फिरायची बंदी होती. तेव्हा मला बोटीवरच्या वादातली एक गोम कळली. 'पायाला कळतं' हा अनवाणी पक्षाचा सगळ्यात मोठा मुद्दा. पण त्यात गृहीत धरलंय, की पाय बातमी आणतो. ज्या पायातून बातमी येत नाही, तो उघडा ठेवला तर हाती काहीच लागत नाही आणि फक्त धोका उरतो.

आणि बरोबर त्याच महिन्यात महाशिवरात्र आली.

बाबा दर महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात जातात. घरातून नाही, पण जत्रेच्या तोंडापासून अनवाणी. मंदिर शिलाहारांच्या काळातलं. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. शेजारून वालधुनी वाहते, जिचं आपण काय केलंय ते उल्हासनगरच्या पुलावर उभं राहिलं की नाकाला कळतं. या मंदिराचा गाभारा वर नाही, खाली आहे. मंडपातून साधारण वीस पायऱ्या उतरून जावं लागतं. शेकडो वर्षांच्या तळव्यांनी त्या गुळगुळीत झाल्यात. महाशिवरात्रीला त्यांवर पाणी, दूध, बेलाची पानं आणि गर्दी.

मी सांगितलं, या वर्षी नाही.

"का?"

"का म्हणजे? तुम्हाला पायाखालचं कळत नाही, बाबा."

"बूट घालून देवाकडे जाऊ?"

"देवानं सांगितलंय का काढायला?" मला माझा नियम आठवला होता. "कुणी काढायला सांगितले, तर जमीन बघायची जबाबदारी त्याची. मंदिरवाले घेणार आहेत का? देव घेणार आहे का?"

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना काढायला लावायचे. मला इथं कुणी लावत नाही. मी काढतो. एवढा एक फरक आहे बघ. तो तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

माझ्या नियमात सांगणारा होता आणि ऐकणारा होता. स्वतःहून काढणारा माणूस त्यात नव्हता. वारीला अनवाणी जाणारी बाई, नवस फेडणारा म्हातारा, काका स्वतः. यांना कुणी क्रेट पुढे केलेला नाही. काढायला लावलेली वहाण आणि काढलेली वहाण, दोन्हींत पाय सारखाच दिसतो, पण एकीत माणूस लहान होतो आणि दुसरीत तो स्वतःच्या मर्जीनं वाकतो. वाकण्याचा अधिकारही अधिकारच असतो. ज्यांच्या घरात तो दोन पिढ्यांपूर्वी नव्हता, त्यांना त्याची किंमत जास्त.

पण उलट बाजूही खरी आहे. मर्जी आहे म्हणून जखम लहान होत नाही. मधुमेहात पायाची जखम चिघळते आणि पुढे बोट, पाऊल कापायची वेळ येते. 'त्यांची श्रद्धा आहे' म्हणून मी बाजूला झाले असते, तर तो आदर झाला असता की माझी सुटका? आणि 'डॉक्टर म्हणालेत' म्हणून दार अडवून उभी राहिले असते, तर ती काळजी झाली असती की मीसुद्धा वरच्या आळीतली झाले असते, फक्त उलट्या बाजूनं?

मी चार दिवस विचार करून एवढंच शोधलं. जिथं सांगणारा असतो, तिथं जमिनीची जबाबदारी सांगणाऱ्याची. जिथं माणूस स्वतः ठरवतो, तिथं निर्णय त्याचाच. पण जमीन कशी आहे हे त्याला कळलंच पाहिजे, आणि त्याचा पाय सांगू शकत नसेल, तर ते काम जवळच्या कुणाच्या तरी पायानं करायला पाहिजे. काका तेच म्हणत होते. बूट घाला किंवा काढा, खुंट्या कुठं आहेत ते कुणीतरी दाखवलं पाहिजे.

मग आम्ही घासाघीस केली, जशी बाप-लेक करतात. महाशिवरात्र नाही. गर्दी नसलेला साधा दिवस. ऊन चढायच्या आत. पूर्ण अनवाणी नाही, जाड सुती मोजे, पांढरे, म्हणजे रक्त आलं तर लगेच दिसेल. पायऱ्यांवर माझा हात धरायचा. आधी आणि नंतर तळवे तपासायचे. मोज्यांवरून सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी बाबा म्हणाले, "मोजे काय, कापूसच आहे. वातीसारखा."

मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी सात वाजता आम्ही गेलो. मी वर्क फ्रॉम होम टाकलं होतं. बाहेर त्यांनी चपला काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या. मीही काढल्या. माझं बोट बरं झालं होतं, थोडं वाकडं राहिलं होतं. मी एक पाऊल पुढे चालत होते आणि मागे न बघता सांगत होते.

"इथं गार आहे. इथं बारीक खडी आहे, डावीकडून या. ही फरशी उचललेली आहे."

पायऱ्यांशी पोचल्यावर मी आधी तळवा टेकवून बघायचे, मग त्यांचा हात ओढायचे. चौथी ओली होती. सातवीवर बेलाची पानं पडलेली होती, ती मी पायानं बाजूला सारली. मध्ये एकदा बाबांनी विचारलं, "कशी आहे?"

"गुळगुळीत. मधे खोलगट झालीय."

"हां," ते म्हणाले. "तशीच होती."

खाली किती वेळ उभे होतो ते आठवत नाही. वर येऊन मी त्यांना कट्ट्यावर बसवलं, मोजे काढले आणि फोनचा टॉर्च लावून दोन्ही तळवे बघितले. काही नव्हतं. फक्त धूळ, आणि घोट्याखाली तो जुना गुलाबी डाग. मी चपलांत हात घालून आत खडा नाही ना ते बघितलं आणि त्यांच्या पायात घातल्या.

हे बरोबर केलं का, मला ठाम माहीत नाही. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या तपासणीला सांगणार आहे आणि बोलणी खाणार आहे. त्यांनी मोज्यांनाही नाही म्हटलं, तर पुन्हा घासाघीस होईल.

स्टेशनला जाताना बाबांनी माझ्या पायाकडे बघितलं. म्हणाले, "तुझं बोट वाकडंच राहिलं की."

"काही नाही, दुखत नाही आता."

"दुखत नाही म्हणून बघायचं सोडू नकोस," ते म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.